छत्तीस भोकांचा डबा

"आई, कपाटावरचा तो डबा काढून ठेवजो. अन् ऐक, बाबाले हात लावू देऊ नको."

ऋग्वेदनं पुण्याहून हे म्हटलं तेव्हा फोन स्पीकरवर होता, कारण इंदिराबाईंचे दोन्ही हात मेथीत होते. आणि ज्यांना हात लावू द्यायचा नव्हता ते मनोहरराव दोन हातांच्या अंतरावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी पुढची शेंग टरफलासकट तोंडात टाकली आणि तशीच चावून गिळली. इंदिराबाईंनी ते पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात काय पाहायचं आणि काय पाहिलंच नाही असं दाखवायचं, हे बाईला कळू लागतं. त्यांनी मेथी उलटी केली आणि फोनला विचारलं, "कायले पाह्यजे तो डबा?"

रविवारी नागपुरात जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांचा मेळावा होता. ज्यानं त्यानं टीव्हीला जोडायचा आपापला जुना गेमचा डबा नवा रंग, नवं रूप देऊन आणायचा होता. ऋग्वेद शनिवारी वर्ध्याला उतरणार, रात्रीतून डब्याच्या कवचाची भोकं बुजवणार, रंग मारणार आणि सकाळी नागपूर गाठणार.

"भोकं" हा शब्द त्यानं सहज उच्चारला. मनोहररावांना मात्र तो पाठीत लागला.

ती भोकं त्यांची होती. छत्तीस. सहा ओळी, एकेका ओळीत सहा, प्रत्येक तीन मिलिमीटरचं, एकही केसभर इकडे-तिकडे नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा मे महिना. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्यांच्या घराच्या भिंतीला दुपारी पाठ टेकवता येत नव्हती. पोरानं दोन उन्हाळे झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून तो डबा घेतला होता, आणि डबा होता की अर्ध्या तासात तापून बंद पडायचा. मनोहरराव सरकारी प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षं फिटरचे निदेशक. तापलेली वस्तू पाहिली की त्यांच्यातला निदेशक उठून उभा राहायचा. कूलरला जाळी का असते? हवा जावी म्हणून. मग याला का नसावी? पोरगा ट्यूशनला गेला त्या तासाभरात त्यांनी कवच खोललं, रेषा आखल्या, पंचानं खुणा ठोकल्या, ड्रिल चालवलं आणि सगळं परत जोडून, पुसून, टेबलाच्या मधोमध ठेवलं. शाबासकीसाठी.

ऋग्वेद आला. त्यानं पाहिलं. तो ओरडला असता, आदळआपट केली असती, तर मनोहररावांनी दोन शब्द ऐकवून विषय संपवला असता. तो काहीच बोलला नाही. त्यानं डबा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि कपाटावर ठेवून दिला. तेव्हापासून बापलेकांतलं बोलणं तारेच्या मजकुराएवढं उरलं होतं. "जेवला काय?" "हो." "गाडी टायमावर होती?" "हो." नऊ वर्षं.

"मी भरतो ते भोकं," फोन बंद झाल्यावर मनोहरराव म्हणाले.

"त्यानं काय सांगतलं ते ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं. वर्कशॉपमध्ये ज्यानं जॉब बिघडवला त्यानंच तो सुधरवाचा असते. शनिवारच्या आत करतो. तो येईन, पाहीन, त्याले भोकं दिसनारच नाई."

"अन् अजून बिघडलं तं?"

पोरगा नऊ वर्षं "हो" तरी म्हणत होता. आता बिघडलं तर तेही जाणार, हे त्यांना बायकोहून जास्त कळत होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी कवच सोडवलं. आतलं यंत्र जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात कुलूपबंद केलं, स्क्रू काड्यापेटीत ठेवले, काड्यापेटीवर "स्क्रू ८" लिहिलं आणि काळं रिकामं कवच घेऊन ओसरीत बसले. हीच चूक झाली. पिपरी मेघेत माणूस घरात बसून काहीही करू शकतो. ओसरीत बसला की ते सार्वजनिक बांधकाम होतं.

पहिले आले भैय्याजी. समोरच्या घरातले, निवृत्त पोस्टमास्तर. एक घर बांधलेला माणूस असल्यानं उरलेल्या सर्व घरांचे सल्लागार.

"हे काय, रेडिओ आहे काय मनोहरराव?"

"ऋग्वेदच्या गेमचं कवर आहे. भोकं बुजवाचे आहेत."

"हात् बा! येवढंच ना? माह्याकडे पांढरं सिमेंट उरलं आहे, डिंकात कालवून देतो. माह्या बाथरूममधले खिळ्याचे भोकं असेच बुजवले. दहा वर्षं झाले, सांगतलं तरी सापडत नाई."

भैय्याजींच्या बाथरूममधली भोकं सापडत नाहीत, कारण त्यांवर त्यांनी नंतर टाइल्स लावल्या होत्या. हे मनोहररावांना सिमेंट भरून झाल्यावर, बुधवारी सकाळी आठवलं. कवच उचललं, टेबलावर ठेवताना जरा टेकलं, आणि छत्तीसच्या छत्तीस पांढऱ्या गोळ्या पडक्या दातांसारख्या ओसरीभर सांडल्या. इंदिराबाई झाडू घेऊन आल्या, झाडून गेल्या. काही बोलल्या नाहीत. न बोलण्याचं हे घराणंच होतं.

गोळ्या झाडताना पाहिलं शेजारच्या कुंताबाईंनी. त्या कुंपणापलीकडून, परसातल्या वांग्याचं पाणी बंद करून आल्या. त्यांचा मळा देवळीच्या रस्त्याला, पण सकाळचा वेळ कुंपणाला.

"अवो भाऊजी, प्लॅस्टिकले कुठं सिमेंट लावतेत काय? आमच्या बादलीले चीर पडली तं मी उलथनं तापोलं अन् चिपकवून देल्लं. प्लॅस्टिकच वितळून प्लॅस्टिकले लागते. आजूक वापरून राह्यलो ते बादली!"

बुद्धी शाबूत असती तर मनोहररावांनी ती बादली आधी पाहायला मागितली असती. पण बुधवार उजाडला होता आणि त्यांच्या कपाळात शनिवार ठोकत होता. त्यांनी उलथनं गॅसवर धरलं. एका कोपऱ्यात टेकवलं, अगदी हलकं. चर्र आवाज आला, काळा धूर निघाला, आणि भोक बुजायचं तर राहिलंच, भोकाशेजारी अंगठ्याएवढा खळगा पडला. इंदिराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय जळून राह्यलं वो?"

"काई नाई."

"माह्यं उलथनं कुठं आहे?"

मनोहररावांनी आयुष्यात पहिल्यांदा उलथनं पाठीमागे लपवलं.

त्या दुपारी त्यांनी कवच पिशवीत घातलं, वर मेथीची जुडी ठेवली, स्कूटर काढली आणि देवळीच्या रस्त्यावर कैलासच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडसमोर उभे राहिले. समोर उभे राहिले, आत गेले नाहीत. त्याला कारण होतं. कैलास त्यांचा विद्यार्थी. फिटरला दोनदा नापास. दोन्ही वेळा त्यांनीच केलेला.

कैलासनंच पाहिलं. "सर! तुम्ही? या ना, या. ए, खुर्ची पुसून आन रे!"

मनोहररावांनी मेथी बाजूला केली. कैलासनं कवच उजेडात धरलं. भोकांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. "काय लाइन आहे सर! हे तुमचंच काम." मग बोट खळग्यावर थांबलं. "अन् हे?"

"ते शेजाऱ्यांचं."

कैलास हसला नाही. चांगला पोरगा होता. आपण त्याला दोनदा का नापास केलं असेल, असा विचार मनोहररावांच्या मनात येऊन गेला, पण लगेच आठवलं का ते. "लांबी भरू काय मग?" त्यांनी विचारलं. लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्याचे खड्डे भरायचा मसाला. विद्यार्थ्याला विचारायचा हा पहिला प्रश्न, आणि तोही चुकला.

"लांबी पत्र्याले बरी, सर. हे पातळ प्लॅस्टिक, दाबलं की तडकन. आम्ही बंपरले करतो ना, तसं करा लागते. ज्याचं भोक त्याचंच प्लॅस्टिक अॅसिटोनमध्ये विरघळवाचं, दह्यासारखं झालं की भराचं. सुकलं की अंगातलंच अंग. मंग पॉलिश पेपर मारा, खळगाही निंघन. पण हेच प्लॅस्टिक पाह्यजे. दुसरं पकडत नाई."

"आता हेच कुठून आनू बे? नऊ वर्षं झाले, हा डबा बाजारात नाई."

कैलासनं त्यांच्याकडे पाहिलं. जरा भीतभीत. "सर… पुडी?"

मनोहररावांच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता, जो दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपमध्ये नव्हता आणि ज्यासाठी पोरं त्यांना शिव्या देत. जॉबसोबत त्याचा बुरादा पण द्यायचा. कापताना, ड्रिल करताना निघालेला सगळा चुरा कागदाच्या पुडीत, वर नाव, तारीख, माप. जॉब तुम्हीच केला याचा तो पुरावा. कैलास पहिल्या वेळी नापास झाला तो दुसऱ्याचा बुरादा दिल्यामुळे. जॉब लोखंडाचा आणि पुडी पितळेची होती.

"तुम्ही तं कधीच फेकत नव्हते ना सर."

मनोहरराव उठले. घरी येऊन त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. पेटीत बिस्किटाचा डबा, डब्यात एकतीस वर्षांच्या निवडक पुड्या, आणि तळाशी एक. काळा चुरा. वर त्यांच्याच अक्षरात: "ऋग्वेद. भोकं ३६. तीन मिमी. १९ मे." ती त्यांनी का ठेवली होती हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. नाक शिंकरलं आणि इंदिराबाईंना सांगितलं की पेटीत धूळ फार आहे.

आता राहिलं अॅसिटोन. गुरुवारी सकाळी रसायनांच्या दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "संस्थेचं पत्र पाह्यजे काका. खाजगी माणसाले देत नाई आम्ही." मनोहरराव पत्रासाठी आपल्या जुन्या संस्थेत गेले. ज्या व्हरांड्यात त्यांना पाहून पोरं विड्या विझवत, तिथं आता त्यांना कुणी ओळखलं नाही. आवक-जावकच्या टेबलावर ओमप्रकाश नावाचा कारकून होता. अतिशय नम्र, आणि नम्र कारकुनासारखं भयंकर काही नाही.

"अर्ज द्या सर. विषय काय लिहू?"

"भोकं बुजवण्यासाठी रसायन."

"कोनत्या इमारतीचे?"

"इमारतीचे नाई बे, पोराच्या खेळण्याचे!"

ओमप्रकाशनं पेन खाली ठेवला. "मंग हे शैक्षणिक नाई होत सर. तुम्ही सेवानिवृत्त. तरी करतो काही तरी. ओळखपत्र, पेन्शनचा कागद, अन् हयातीचा दाखला जोडा."

"मी तुह्यासमोर उभा आहो ना?"

"मले दिसून राह्यले सर. फाइलीले नाई दिसत."

साहेब सोमवारी येणार होते. मनोहरराव बाहेर आले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि शनिवार दोन दिवसांवर होता. मोबाइलवर कैलासला विचारलं. कैलास म्हणाला, "सर, बायांच्या दुकानात नेलपॉलिश काढाचं पानी भेटते ना, त्यात तेच असते. पाहून घेजा, काहीत नसते."

पुढची पंधरा मिनिटं मनोहररावांच्या आयुष्यातली सर्वांत लांब पंधरा मिनिटं होती. बांगड्या, टिकल्या, आरसे, सगळीकडून त्यांना स्वतःचंच तोंड दिसत होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, अॅसिटोनवालं की बिनअॅसिटोनचं? बिनवाल्यानं नखं खराब नाई होत."

"वालं," ते म्हणाले. "आठ बाटल्या."

"आठ?" मुलीचा नव्हे, मागून आलेला आवाज होता. मागे कुंताबाई होत्या. हातात हिरव्या बांगड्यांचं वेटोळं. "भाऊजी? तुम्ही?"

मनोहररावांना काहीही सांगता आलं असतं. त्यांच्या तोंडून निघालं, "इंदिरासाठी."

ज्या इंदिराबाईंनी लग्नातही नखं रंगवली नव्हती, त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंत तीन बाया हातांकडे बघत येऊन गेल्या.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मनोहररावांनी वाटीत पुडी रिकामी केली, वरून बाटलीतलं थोडं थोडं ओतलं. नाकात झिणझिण्या आल्या. हळूहळू चुरा मऊ झाला, चिकटला, काळ्या मधासारखा झाला. इंदिराबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पदर नाकाला लावून त्या दारातच उभ्या राहिल्या. गेल्याही नाहीत, बसल्याही नाहीत. मनोहररावांनी टूथपिक घेतली, कवचाच्या कोपऱ्यातलं पहिलं भोक बोटानं चाचपलं, आणि भरायला घेतलं. चष्म्यावर वाफ धरत होती, म्हणून बोटानंच. बोट जिथं अडलं, तिथं भरलं. हात थरथरत होता. एकेकाळी याच हातानं केस कापावा तसं पोलाद कापलं होतं.

चार ओळी झाल्या होत्या तेव्हा फोन वाजला. इंदिराबाई बोलल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"त्याले कालचीच गाडी भेटली म्हनते. एक वाजता येऊन राह्यला."

"आज?"

"आजच. स्टेशनवर उतरून ऑटो करतो म्हने."

घड्याळात पावणेदहा. उरलेल्या दोन ओळी मनोहररावांनी देवाचं नाव घेऊन भरल्या, आणि शेवटच्या भोकापाशी वाटी कोरडी पडली. त्यांनी वाटी खरवडली. पुडीचा कागद झटकला. छत्तीस भोकांतून जेवढं निघालं तेवढं सगळं त्या पुडीत होतं, त्यांनी स्वतः झाडून घेतलं होतं, आणि छत्तीस भोकांना ते पुरायलाच हवं होतं. कमी पडलंच कसं? पण विचार करायला वेळ कुठं होता? कवचाच्या आतल्या बाजूची एक निरुपयोगी पट्टी खरवडून त्यांनी ते शेवटचं बुजवलं, टेबलफॅन लावला आणि कवचाजवळ बसले.

साडेबारापर्यंत वर साय धरली. मनोहररावांनी पॉलिश पेपर पाण्यात बुडवला, हलक्या हातानं घासलं. खळगाही घासून उथळ केला. मग कवच पुसलं आणि उजेडात धरलं. काळा, सपाट, सलग डबा. त्यांना पाणी प्यावंसं वाटलं.

ऑटो दारात थांबला. बॅग घेऊन ऋग्वेद आत आला, आईच्या पाया पडला, वडिलांच्या पाया पडला आणि थबकला. "घरात नेलपॉलिशचा वास काऊन येऊन राह्यला?"

"आधी हातपाय धू. जेवून घे," इंदिराबाई म्हणाल्या. एवढ्या घाईनं त्यांनी त्याला कधी जेवायला बसवलं नव्हतं. त्याचं लक्ष टेबलाकडे गेलंच.

"मी म्हटलं होतं ना, आई."

आईनं ताट मांडायला घेतलं. मनोहररावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ऋग्वेदनं कवच उचललं. अंगठा वरच्या ओळीवरून फिरवला, दुसरीवरून, तिसरीवरून. डोळे मिटून फिरवला. घरात फक्त पंखा वाजत होता. नऊ वर्षांपूर्वीही असाच पंखा वाजत होता.

मग त्यानं कपाटातून यंत्र काढलं. कुलूप इंदिराबाईंनी उघडून दिलं, चावी त्यांच्या कमरेलाच होती. काड्यापेटीतले आठ स्क्रू लावले, तारा टीव्हीला जोडल्या, बटण दाबलं. टीव्हीवर चित्र आलं. गाणं वाजलं. इंदिराबाईंनी श्वास सोडला.

ऋग्वेदनं नाही सोडला. तो डब्याकडेच बघत होता. "दिवा कुठं गेला?"

"कोनता दिवा?"

"चालू झाला की लाल दिवा लागते ना. इथं." त्यानं कोपऱ्यावर बोट ठेवलं. सपाट, घासलेल्या कोपऱ्यावर. "बाबा, तुम्ही भोकं किती पाडले होते?"

"छत्तीस."

ऋग्वेद वाकला आणि काळ्यावरचे काळे, किंचित चमकणारे ठिपके मोजू लागला. मनोहररावांना मोजायची गरज नव्हती. वाटी का कोरडी पडली ते त्यांना एका क्षणात कळलं होतं. "सदतीस," ऋग्वेद म्हणाला. "एक कंपनीचं होतं."

मनोहरराव उठले. उठताना खुर्ची मागे सरकली. "माह्यं चुकलं," ते म्हणाले. नऊ वर्षांत न म्हटलेलं ते एवढं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. "आता तूच पाड ते. मी नाई लावत हात."

ते आतल्या खोलीत गेले असते. पण त्याआधीच आतून पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज आला. ऋग्वेद पेटीतलं त्यांचं जुनं हातड्रिल घेऊन आला होता. तीन मिलिमीटरचा बिट त्यातच होता, गंजू नये म्हणून तेल लावलेला.

"मले सेंटर धरता येत नाई," तो म्हणाला. "घसरन. पंच मारून देता काय?"

"माहे हात हलतेत आता."

"मी धरतो ना डबा."

इंदिराबाई स्वयंपाकघरात गेल्या. भाजी ढवळायला, जी केव्हाच शिजली होती.

ऋग्वेदनं तारा काढल्या, कवच सोडवलं आणि टेबलावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. मनोहररावांनी चष्मा पुसला, कोपऱ्यावर पंच टेकवला आणि हातोडीनं एक टोला मारला. नेमका. मग ड्रिल. मूठ फिरली, बिट आत गेलं आणि पलीकडचा उजेड त्या बारीक गोल भोकातून त्यांच्या नखावर पडला. कवच पुन्हा बसवून बटण दाबलं तेव्हा कोपऱ्यात लाल ठिपका लागला.

"हे खाली थोडं दबल्यासारखं आहे," ऋग्वेद अंगठ्यानं चाचपत म्हणाला. "हे कायचं?"

"ते कुंताबाईचं आहे."

तो हसला. आणि मग, न सांगता, त्यानं वर्तमानपत्राचा चौकोन फाडला, टेबलावरचा चिमूटभर काळा चुरा तळव्यानं कडेला आणून त्यात घेतला, कोपरे दुमडले. वर्कशॉपमधल्या पोरांना महिना लागायचा त्या घडीला. ती याला कुठून येत होती कोण जाणे. लहानपणी टेबलाखाली बसून पाहिली असेल.

"पेन द्या बाबा," तो म्हणाला. "नाव कोनाचं टाकू, तुमचं की माह्यं?"